बत्तीस फूट

११ जानेवारी, रविवार

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दर जानेवारीत ऑफिसातलं कुणीतरी डायरी आणून देतं. आजवर एकाही डायरीत ओळ लिहिली नाही. ही लिहायला घेतली, कारण आज काम सुरू केलं आणि कामाची नोंद ठेवायची मला सवय आहे. बांधकाम खात्यात छत्तीस वर्षं काढली, शेवटची अठरा मुकादम म्हणून. उमरेडकडचा रस्ता, भिवापूरचा, पारशिवनीचा, सगळीकडे माझ्या हाताची गिट्टी आहे.

काम असं: दारापासून फाटकापर्यंत गट्टूचा, म्हणजे सिमेंटच्या ठोकळ्यांचा रस्ता. लांबी बत्तीस फूट, रुंदी चार. जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून नऊ इंच खोदून काढायची. मग मुरूम, गिट्टी, वर दगडाची बारीक चुरी, त्यावर गट्टू. मजूर लावणार नाही.

इंदूला दोन वर्षांआधी लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला. चाकाच्या खुर्चीवर आली तेव्हापासून म्हणायची, "अजी, फाटकापर्यंत रस्ता करून द्या नं मले." मी म्हणायचो, पाऊस जाऊ दे. मग म्हणायचो, दिवाळी होऊ दे. आयुष्यभर दुसऱ्यांचे रस्ते केले, हे बत्तीस फूट राहून गेले. मागच्या ऑगस्टच्या तीन तारखेला खुर्ची चिखलात फसली, उलटली. मी अंघोळीला गेलो होतो. चार दिवस दवाखान्यात होती, सात तारखेला गेली.

खुर्ची घडी करून वऱ्हांड्यात ठेवली आहे. कुणाला तरी कामी येईल, द्यायची आहे.

आज सहा फूट खोदलं. कंबर दुखते.

१३ जानेवारी

प्रीतमच्या गाडीतून गट्टू आले. कारखाना त्याचाच आहे, आधी आमच्या खात्याला माल द्यायचा. लाल आणि राखाडी, अर्धे अर्धे. उतरवून झाल्यावर खोदकाम पाहत उभा राहिला.

"काका, काहून तब्येत खराब करून राहिले? माझे तीन माणसं येतात, दोन दिवसांत लावून देतात."

"मले घाई नाही गा."

"मंग दाबाले मशीन तरी पाठवू का?"

"धुम्मस आहे घरी."

जाताना त्याची नजर खुर्चीवर गेली. "काकूची होय का?" म्हणाला. मी हो म्हटलं. त्याला विचारायचं असेल, की आता हा रस्ता कोणासाठी? बरं झालं विचारलं नाही.

डॉक्टरांनी महिन्याच्या सुरुवातीला झोपेची गोळी बदलून दिली. चांगली आहे. पडलो की एकदम सकाळ. स्वप्नंही पडत नाहीत.

१८ जानेवारी

खोदकाम झालं. फाटकापासून अकरा फुटांवरचा तुकडा शेवटी घेतला. तिथेच खुर्ची उलटली होती. माती इतर ठिकाणासारखीच निघाली. मला काय वाटलं होतं कोण जाणे.

त्या दिवशी रेशनच्या दुकानातून आलो तर फाटकातूनच दिसलं. एक चाक हवेत होतं.

मुरूम टाकून पाणी मारलं. धुम्मसाने ठोकताना शेजारच्या सुभद्राबाई भिंतीवरून पाहत होत्या. त्या तर्री-पोह्याचा ठेला लावतात, दुपारी बारापर्यंत मोकळ्या होतात. इंदूची आणि त्यांची मैत्री होती. म्हणाल्या, "कवडूभाऊ, हे इंदुताईनं पाहिलं असतं तं नाचली असती." मग पदर सावरून आत गेल्या.

२१ जानेवारी

गिट्टी झाली. आज चुरी पसरली आणि लाकडाची लांब फंटी ओढून पूर्ण बत्तीस फूट एका लेव्हलमध्ये आणलं. पाण्याच्या नळीने तपासलं, कुठेही सुताचा फरक नाही. एवढं सगळं एकदम पसरायला नको, जेवढे गट्टू लावायचे तेवढीच चुरी पसरावी, हे मी माझ्या मजुरांना शंभर वेळा सांगितलं असेल. पण आज हात थांबला नाही. संध्याकाळी दारात बसून पाहिलं. दुधावरच्या सायीसारखं दिसत होतं.

२२ जानेवारी

सकाळी सहाला दार उघडलं. चुरीवर दोन चाकोऱ्या.

दारापासून निघालेल्या, शेजारी शेजारी, थेट फाटकापासून अकरा फुटांवर जाऊन थांबलेल्या. पुढे चुरी कोरी.

फाटकाला आतून कडी होती. मी बराच वेळ उभा होतो. मग फंटी घेतली आणि सगळं पुन्हा सारखं केलं. आज गट्टू लावायचे होते, लावले नाहीत.

२३ जानेवारी

आजही.

कुत्रं नाही, मांजर नाही. टेप लावून मोजलं. दोन चाकोऱ्यांमध्ये बावीस इंच. मग खुर्ची मोजली. बावीस इंच. चाकांच्या रबराला चुरीचे कण होते. ओल्या फडक्याने पुसून काढले.

एक गोष्ट मुकादम म्हणून लिहून ठेवतो. चाकोऱ्या ओळंब्यासारख्या सरळ आहेत. इंदूची खुर्ची सरळ कधी चाललीच नाही. एकट्या उजव्या हाताने चाक फिरवायची, त्यामुळे खुर्ची डावीकडे जायची, मग पाय टेकवून वळवायची. आता सरळ चालते. तिकडे गेल्यावर हात बरा होत असेल का?

मधोमध माझी पावलं आहेत. ती काल फंटी ओढत मागे सरकताना राहिली असतील.

२४ जानेवारी

सुभद्राबाई दुपारी डबा घेऊन आल्या. भाजी द्यायच्या निमित्ताने म्हणाल्या, "भाऊ, झोप लागते नं तुम्हाले?"

"मस्त लागते," मी म्हटलं.

"नाही, पहाटे बोलण्याचा आवाज आला, म्हणून विचारलं."

मी पहाटे उठत नाही, त्यांना सांगितलं. चार वाजता उठून तर्री करणारी बाई, मिक्सरच्या आवाजात काय ऐकेल आणि काय नाही. तरी आवाज कोणाचा होता, हे विचारायची हिंमत झाली नाही.

२५ जानेवारी, रविवार

रितिकाचा फोन. पुण्याला गेल्यापासून दर रविवारी दहाच्या सुमारास करते. आई दवाखान्यात होती तेव्हा आली, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला की दुसऱ्याच दिवशी गेली, त्यानंतर आली नाही. नोकरीत सुटी नाही म्हणते. फोनवर थंडी, जेवण, बीपीची गोळी, एवढंच होतं. आज मी म्हटलं, "अंगणात गट्टू लावून राहिलो. फाटकापर्यंत."

मला वाटलं फोन कटला.

"आता काहून, बाबा?"

मी म्हटलं, चिखल होतो.

"आधी नव्हता होत का?" म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी मला ऐकू आली नाही.

२७ जानेवारी

फाटकाकडून लावायला सुरुवात केली. एक लाल, एक राखाडी, रबरी हातोड्याने ठोकून. अकरा फूट झाले. पुढचा गट्टू जिथे बसायचा, तिथे मी थांबलो. उद्या.

इंदूची मला भीती वाटत नाही. जिच्यासोबत एवढी वर्षं एका ताटात जेवलो तिची कसली भीती? पण रोज ती तिथपर्यंतच का येते? पुढे गट्टू आहेत, रस्ता तयार आहे, पुढे का जात नाही?

आज खुर्ची आतल्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली बनियनच्या खिशात.

२८ जानेवारी

कुलूप उघडं. किल्ली माझ्या खिशात, जशी होती तशी. खुर्ची बाहेर, अकरा फुटांच्या रेषेवर उभी, तोंड फाटकाकडे. सीट दवाने ओली.

मी तिथेच बसून बोललो तिच्याशी. म्हटलं, इंदू, मी करतो आहे नं. एवढे वीस-एकवीस फूट राहिले. मला चार दिवस दे.

अंथरुणात चुरी खरखरत होती. पायही नीट धुतले जात नाहीत आजकाल.

२९ जानेवारी

मागची पानं वाचली. ११ तारखेला मी लिहिलं आहे की अंघोळीला गेलो होतो. १८ तारखेला लिहिलं आहे की रेशनच्या दुकानात होतो. दोन्ही माझंच अक्षर. खोडायला पेन उचलला, खोडलं नाही.

३० जानेवारी

आज काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारी सुभद्राबाई आल्या. डबा नव्हता. ओट्यावर बसल्या, मला खाली बसवलं. म्हणाल्या, "भाऊ, चार दिवस झाले, सांगू का नको करून राहिली मी. आता सांगतोच. रागावू नका."

मला वाटलं त्यांनी इंदूला पाहिलं. मी विचारलंसुद्धा, "दिसली का तुम्हाले?"

"कोण?"

"इंदू."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला लाज वाटली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "इंदुताई नाही दिसली, भाऊ. तुम्ही दिसले. साडेचारले मी मागचं दार उघडतो नं, तं तुम्ही अंगणात. रिकामी खुर्ची ढकलून राहिले. डोळे उघडे, पण मी हाक मारली तं पाहिलं नाही तुम्ही. तिथपर्यंत जाता, थांबता, खुर्चीसमोर खाली बसता. चार दिवस पाहून राहिली."

मी म्हटलं, "शक्य नाही."

"माझ्या आईची शपथ. आणि बोलता तुम्ही."

"काय बोलतो?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आलो म्हणता. आलो, आलो, आलो वं. एवढंच. शंभर वेळा."

त्या कधी गेल्या मला कळलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

रितिकाचा फोन आला, उचलला नाही. आधी इथे लिहितो.

ऑगस्टची तीन तारीख. सकाळपासून पाऊस होता, दोनच्या सुमारास थांबला. इंदूला जेवू घातलं, खुर्चीत बसवून वऱ्हांड्यात आणलं. तिला बाहेर पाहायला आवडायचं. मी आत खाटेवर पडलो. आदल्या रात्री तिची चादर तीनदा बदलली होती. त्याआधीच्या रात्रीही. हे सांगून सुटायचं नाही मला, पण होतं तसं लिहितो.

मी अंघोळीला गेलो नव्हतो. दुकानातही नव्हतो. मी खाटेवर होतो आणि जागा होतो.

तिने हाक मारली. "अजी." मी उठलो नाही. "अजी, आइकून राहिले का?" लकव्यानंतर तिचे शब्द जड झाले होते, पण हे शब्द स्वच्छ यायचे, दिवसातून चाळीस वेळा यायचे. मी कूस बदलली आणि कानावर हात घेतला. मनात आलं, एकदाच. एकदा नाही उठलो तर काय होते?

चार वेळा हाक मारली. मग बंद झाली. मला बरं वाटलं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, मला बरं वाटलं. मग फळीवरून चाक उतरल्याचा आवाज आला. वऱ्हांड्याला उतार म्हणून फळी मीच लावली होती. मला समजलं, ती एकटी निघाली. तरी उठलो नाही. अंगणात चिखल आहे हे मला माहीत होतं. रस्त्याच्या माणसाला नाही तर कोणाला माहीत असणार!

मग धप्प आवाज. त्यानंतरही मी लगेच उठलो नाही. पंख्याकडे पाहत होतो. एक मिनिट असेल, तीन असतील. मला वाटत होतं ती आता हाक मारेल, आणि तिने हाक मारली की उठायचं.

तिने हाक मारली नाही.

३ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, या गोळीने काही लोक झोपेत चालतात, उठून कामंही करतात. गोळी बंद केली. आता झोप येत नाही. म्हणजे भूत नव्हतं. हे समजल्यावर सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. उलट घर आणखी रिकामं झालं. ती येत होती तेव्हा निदान येत तरी होती.

रितिकाला फोन लावला. "तुले येता येईल का?"

"तब्येत?"

"तब्येत ठीक आहे. सांगायचं आहे काही. तुझ्या आईचं."

मग म्हणाली, "शनिवारी येते."

७ फेब्रुवारी, शनिवार

पुण्याच्या गाडीने सकाळी आली. वाळली आहे. आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली, चहा केला, दोन कप घेऊन वऱ्हांड्याच्या पायरीवर येऊन बसली. समोर अर्धा रस्ता. मला वाटलं होतं आधी जेवणं होतील, मग बोलू. पण ती कप खाली ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. मग मी सांगितलं. वरती लिहिलं तसंच, काही कमी न करता. बरं वाटलं होतं, तेही.

ती रडली नाही. म्हणाली, "मले माहीत आहे."

मी कप खाली ठेवला.

"आईनं सांगितलं. दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी. तुम्ही औषध आणाले खाली गेले होते. म्हणाली, तुझे बाबा जागे होते."

"तिले कसं समजलं?"

"खिडकीतून खाट दिसते नं, बाबा. तुम्ही कानावर हात घेतला, ते दिसलं तिले."

वऱ्हांड्यातली ती खिडकी मी रोज उघडतो. खाट जागेवरून हललेली नाही. पण तिथून मी दिसत असेन, हे इतक्या महिन्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

रितिका बोलत होती. आवाज चढला नाही तिचा. "सहा महिने वाट पाहून राहिली मी. दर रविवारी फोन लावताना वाटे, आज सांगतील. आणि तुम्ही सांगता, थंडी पडली, संत्री आली. सगळ्यांले सांगितलं अंघोळीला गेले होते. मी तुमच्या बाजूले उभी होती तेव्हा. मले पाहून सांगितलं तुम्ही."

"राग आहे?"

"आहे."

"जाईल?"

"नाही माहीत, बाबा."

मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "आणखी काय म्हणाली ती माझ्याबद्दल?"

रितिकाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती काहीतरी चांगलं सांगेल. माझ्यासाठी खोटंही सांगेल.

"काही नाही," म्हणाली. "पाणी मागितलं. मंग झोपली."

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी अंगणात आलो तर रितिका ओढणी कमरेला बांधून गट्टू उचलत होती. मी म्हटलं राहू दे. तिने ऐकलं नाही. ती देत गेली, मी बसवत गेलो. लाल, राखाडी, लाल. अकरा फुटांच्या रेषेपुढचा पहिला गट्टू मात्र तिने माझ्या हातात दिला नाही, स्वतः वाकून बसवला. वाकडा बसला. मी हातोडी दिली, तिने ठोकून सरळ केला.

दुपारपर्यंत दाराला येऊन भिडलो. सांध्यांत बारीक चुरी झाडूने भरली. सुभद्राबाई चहा घेऊन आल्या, चपला काढून एक फेरी मारून पाहिली, रितिकाच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. प्रीतमला फोटो पाठवला. त्याने लिहिलं, एक नंबर, काका.

हात धुताना मी रितिकाला म्हटलं, "एक समजलं नाही मले. ती हाक कशासाठी मारत होती? फाटकावर काय होतं? मी विचारलंच नाही तिले. चार दिवस तिच्या उशाशी बसलो, हिंमत झाली नाही."

"भाजीवाली आली होती," रितिका म्हणाली. "टोपलीवाली. तरोटा घेऊन. आई म्हणाली, वर्षाचा पहिला तरोटा होता, ती बाई फाटकावरून निघून चालली होती. तुम्ही उठून नाही राहिले, म्हणून स्वतःच निघाली. तुम्हाले आवडतो नं."

मी मान हलवली.

रितिका उद्या सकाळच्या गाडीने जाते. होळीला येते म्हणाली. आता आत झोपली आहे.

तरोटा मला कधीच आवडला नाही. कडवट लागतो. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात इंदूने केला होता, नवीन होती, घाबरत घाबरत वाढत होती, म्हणून मी दोनदा मागून घेतला. तेव्हापासून दर पावसाळ्यात करायची आणि मी दोनदा मागून घ्यायचो. एकोणचाळीस वर्षं.

रितिकाला हे सांगितलं नाही.